जागा न अडवणारा भाडेकरू

रसायनशास्त्राच्या पुस्तकात एक वायू आहे, जो पुस्तकाबाहेर कुठेच सापडत नाही. कॉलेजच्या प्रयोगशाळेत त्याचा सिलिंडर नाही, कारखान्यात त्याची टाकी नाही, कुणी तो कधी विकत घेतला नाही की कुणाच्या हातून गळला नाही. तरी दरवर्षी अकरावीची लाखो मुलं त्याचा दाब काढतात, आकारमान काढतात आणि उत्तर दोन दशांश स्थळांपर्यंत बरोबर आणतात. त्याचं नाव आदर्श वायू. भौतिकशास्त्रातली बिनवजनाची दोरी आणि घर्षण नसलेला उतार ही त्याची सख्खी भावंडं. सगळ्यांचा जन्म एकाच शब्दातून झालेला: ‘समजा’.

या वायूचे गुण दोनच, पण दोन्ही असामान्य. पहिला असा की त्याचे रेणू जागाच अडवत नाहीत. ते असतात, धावतात, आपटतात, पण त्यांना लांबी-रुंदी नाही. दुसरा असा की त्यांना एकमेकांची कसलीही ओढ नाही. समोरासमोर आले तर टक्कर घेतील आणि आपापल्या वाटेनं निघून जातील. रेंगाळणं नाही, चौकशी नाही. हे दोन गुण फळ्यावर लिहिताना मला हटकून पेठांतल्या वाड्यांचे जुने मालक आठवतात. त्यांना भाडेकरू हवा असे तो नेमका असाच. माणूस असावा, पण सामान नसावं. त्याच्याकडे पाहुणा येऊ नये, त्यानं जिन्यात उभं राहून गप्पा मारू नयेत, त्याच्या बायकोनं शेजारणीकडे विरजण मागायला जाऊ नये. भाडं तेवढं पहिल्या तारखेला यावं. वायूच्या बाबतीत भाडं म्हणजे दाब: भिंतींवर अहोरात्र चालणारा रेणूंचा मारा. असा भाडेकरू कुठल्याही घरमालकाला आजवर मिळालेला नाही. शास्त्रज्ञांना तो मिळाला, कारण त्यांनी तो कागदावरच ठेवून घेतला.

त्याची भाडेपावती चार-पाच जणांनी मिळून लिहिली. रॉबर्ट बॉइलनं 1662 मध्ये सांगितलं की तापमान तेच ठेवून दाब दुप्पट केला की आकारमान निम्मं होतं. गे-ल्युसॅकनं 1802 मध्ये तापमानाचा हिशेब छापला आणि त्याचं श्रेय जॅक चार्ल्सला दिलं. चार्ल्सनं तो आधीच काढला होता, पण छापला नव्हता. 1811 मध्ये अॅव्होगॅड्रोनं रेणूंच्या संख्येचा मुद्दा मांडला. रेल्वेच्या कामात मुरलेल्या एमिल क्लापेरॉन या फ्रेंच इंजिनिअरनं 1834 मध्ये दाब, आकारमान आणि तापमान एका ओळीत बसवलं. पुढे त्यात मोलची भर पडली आणि तयार झालं ते ‘पीव्ही इज इक्वल टू एनआरटी’. मराठी माध्यमातली मुलंही हे वाक्य इंग्रजीतच म्हणतात, पाढ्याच्या चालीवर.

या समीकरणाचा खरा रुबाब असा की ते वायूला नाव विचारत नाही. हायड्रोजन असो, कार्बन डायऑक्साइड असो, नाकाला झोंबणारा अमोनिया असो, शून्य अंश सेल्सिअस आणि एक वातावरण दाबाला प्रत्येकाच्या एका मोलला 22.4 लिटर जागा. जातपात नाही, शिफारस नाही. आता प्रत्यक्षात मोजायला गेलं तर हायड्रोजन 22.43 लिटर घेतो, कार्बन डायऑक्साइड 22.26 वर भागवतो आणि अमोनिया 22.1 च्या आसपास आवरून बसतो. फरक एवढा बारीक की कुणी त्याकडे काणाडोळा केला तर त्याला दोष देता येत नाही. पण बारीक असला तरी तो योगायोग नव्हता. हायड्रोजन दर वेळी थोडी जास्तच जागा मागत होता आणि अमोनिया दर वेळी थोडी कमी. फरक जेव्हा इतक्या नेमानं पडतो तेव्हा ती मोजणाऱ्याची चूक नसते, मोजलेल्याचा स्वभाव असतो.

या निर्विकार रेणूंचा एक धागा थेट मुंबईत पोचतो, हे मुंबईकरांनाही फारसं ठाऊक नसतं. जॉन जेम्स वॉटरस्टन नावाचा एक स्कॉटिश गृहस्थ 1839 पासून मुंबईत ईस्ट इंडिया कंपनीच्या नाविक उमेदवारांना शिकवत होता. शिकवणीतून उरलेल्या वेळात त्यानं वायूंचा विचार केला. वायू म्हणजे अतिसूक्ष्म, लवचिक कणांची अखंड धावपळ. त्यांच्या धडकांतून दाब येतो आणि त्यांच्या वेगातून तापमान ठरतं, असा सिद्धान्त त्यानं गणितासह लिहून काढला आणि 1845 मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीकडे धाडला. तिथल्या परीक्षकानं तो निव्वळ अर्थहीन आहे, सभेपुढे वाचायच्याही लायकीचा नाही, असा शेरा मारला. लेख परत मिळाला नाही, आणि वॉटरस्टननं त्याची प्रत ठेवलेली नव्हती. तो लेख सोसायटीच्या दप्तरात धूळ खात पडला आणि 1891 मध्ये लॉर्ड रॅले यांच्या हाती लागला. 1892 मध्ये तो छापून आला. वॉटरस्टन तोवर हयात नव्हता. 1883 मध्ये एडिंबरोजवळ फिरायला म्हणून बाहेर पडला तो परतलाच नाही. दरम्यान हाच विचार क्लॉशियस आणि मॅक्सवेल यांनी स्वतंत्रपणे मांडून नाव मिळवलं होतं.

मला या कथेत आवडतो तो मुंबईचा पाऊस. तो कुठल्या चरित्रात लिहिलेला नाही, पण असणारच. एक माणूस टेबलाशी बसून कणांच्या स्वैर धावपळीचं गणित मांडतो आहे आणि खिडकीबाहेर चार महिने पाण्याची वाफ ढगांत गोळा होऊन त्या मांडणीला तळटीप लिहिते आहे. कारण पाऊस म्हणजे दुसरं काय? हवेतल्या पाण्याच्या रेणूंना एकमेकांची ओढ असते, गारवा मिळाला की ते बिलगतात, थेंब होतो आणि थेंब खाली येतो. वाफ आदर्श वायू असती तर ती कितीही थंड झाली तरी वायूच राहिली असती. ढग नाही, दव नाही, श्रावण नाही. वेंगुर्ल्यापासून डहाणूपर्यंत सगळा कोकण कोरडा ठणठणीत, आणि आदर्श.

वायूंच्या या स्वभावाचा हिशेब ज्यानं मांडला तो योहानेस व्हॅन डर वाल्स. लायडन शहरातल्या एका सुताराचा मुलगा, दहा भावंडांत थोरला. ज्या माणसाचं बालपण अशा घरात गेलं, त्याला कुणी सांगितलं की घरात राहणारी माणसं जागा अडवत नाहीत आणि त्यांना एकमेकांची ओढ नसते, तर तो विश्वास ठेवील का? तो आधी प्राथमिक शाळेत मास्तर झाला, मग मुख्याध्यापक. विद्यापीठाची पदवी घ्यायला लॅटिन आणि ग्रीक लागत असे. ते त्याला येत नव्हतं, म्हणून कित्येक वर्षं नुसतीच व्याख्यानं ऐकत राहिला. पुढे ती अट शिथिल झाली आणि 1873 मध्ये, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी, त्यानं डच भाषेत लिहिलेला प्रबंध सादर केला. विषय होता वायू आणि द्रव या दोन अवस्थांमधलं सातत्य. त्या एका प्रबंधानं त्याला 1910 चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळवून दिलं म्हटलं तरी चालेल.

त्यानं केलं ते इतकंच. आदर्श समीकरण घेतलं आणि त्यात ‘ए’ आणि ‘बी’ असे दोन स्थिरांक आणून बसवले. ‘बी’ म्हणजे जागेचा हिशेब. रेणू स्वतःची जागा तर अडवतोच, शिवाय दुसऱ्या रेणूच्या मध्याला आपल्या अंगाजवळ ठरावीक अंतराच्या आत येऊ देत नाही. म्हणून ‘बी’ हा रेणूंच्या स्वतःच्या आकारमानाच्या चौपट भरतो. वाड्यातल्या खोल्यांचं क्षेत्रफळ सांगताना मालक भिंतीपासून भिंतीपर्यंत मोजतो. कपाट, पलंग आणि धान्याची कोठी वजा करून वावरायला किती उरतं ते भाडेकरूलाच विचारावं. ‘बी’ ही वजाबाकी आहे.

‘ए’ म्हणजे ओढीचा हिशेब आणि तो जास्त गमतीचा आहे. एखादा रेणू भिंतीवर धडकायला निघाला की मागचे शेजारी त्याला ओढून धरतात. आपल्याकडे पाहुणा निघतो म्हणून उठतो आणि दारात उभं राहून अर्धा तास बोलतो, तशातली ही गत. शेवटी तो निघतो, भिंतीवर आदळतोही, पण मूळचा जोर काही राहिलेला नसतो. म्हणून मोजलेला दाब अपेक्षेपेक्षा कमी भरतो. आणि गर्दी दुप्पट झाली की ओढणारेही दुप्पट आणि ओढले जाणारेही दुप्पट, म्हणजे परिणाम चौपट. हा चौपटीचा हिशेब समीकरणात चोख बसलेला आहे. अमोनियाचा आणि पाण्याच्या वाफेचा ‘ए’ मोठा. घोळक्यात रमणारी मंडळी. हेलियमचा ‘ए’ कार्बन डायऑक्साइडच्या साधारण शंभराव्या हिश्शाएवढा, कामापुरतं बोलणारा. पण शून्य कुणाचाच नाही.

हा ओढीचा स्थिरांक शोधणाऱ्या माणसाची पत्नी 1881 मध्ये, चौतिसाव्या वर्षी, क्षयानं गेली. त्यानंतर जवळजवळ दहा वर्षं त्यानं काही छापलं नाही.

मग आदर्श वागणूक मुळीच दिसत नाही का? दिसते, पण परिस्थिती तशी लागते. कमी दाब आणि जास्त तापमान, हे अकरावीतलं दोन गुणांचं उत्तर आहे. त्याचा अर्थ असा की राहायला भलामोठा बंगला असला आणि नोकरी धावपळीची असली, तर कुणीही आदर्श भाडेकरू ठरतो. आपल्या खोलीतल्या हवेचंच घ्या. तिच्यातले रेणू एकमेकांपासून स्वतःच्या साधारण दहापट अंतरावर असतात आणि सेकंदाला सुमारे 500 मीटर वेगानं पळत असतात. एकेका रेणूला सेकंदाला अब्जावधी धडका बसतात, पण एकाही भेटीत ओढ लागायला पुरेसा वेळ नाही. रेणूंनी अडवलेली जागा खोलीच्या हजाराव्या भागाइतकीही नाही. अशा वेळी नायट्रोजन आणि ऑक्सिजन इतके गुणी वागतात की आदर्श समीकरणाची चूक काढायला फार नाजूक उपकरणं लागतात. गर्दी वाढली, गारठा पडला की स्वभाव दिसू लागतात. विरळ असताना सगळे वायू एकसारखे. दाटीवाटी झाली की अमोनिया अमोनियासारखा वागतो आणि हायड्रोजन हायड्रोजनसारखा.

घरच्या गॅसचा सिलिंडर हा या स्वभावाचा सर्वांत जवळचा पुरावा. त्यात 14.2 किलो प्रोपेन आणि ब्यूटेन असतं आणि पोटात जागा साधारण 33 लिटर. हा गॅस आदर्श असता तर तेवढ्या जागेत कोंबायला सुमारे 200 वातावरण दाब लागला असता. तसला सिलिंडर जाडजूड भिंतीचा, एकट्यादुकट्याला न पेलणारा झाला असता आणि तो खांद्यावर घेऊन तिसऱ्या मजल्यावर चढणाऱ्या माणसाला आपण पाण्याचा ग्लास नव्हे, शौर्यपदक दिलं असतं. प्रत्यक्षात आतला दाब त्याच्या दहाव्या हिश्शापेक्षाही कमी असतो, कारण प्रोपेन आणि ब्यूटेनच्या रेणूंना एकमेकांची इतकी ओढ आहे की थोडंसं दाबलं की ते खोलीच्या तापमानालाच द्रव होऊन बसतात. 

सिलिंडर किती उरलाय हे बघायची घरगुती युक्ती सगळ्यांना माहीत आहे. ओलं फडकं बाहेरून फिरवायचं आणि थांबायचं. वरचा भाग लवकर सुकतो, खालचा ओलसर राहतो. ती सीमारेषा म्हणजे आतल्या द्रवाची पातळी. वडापावच्या गाडीवर तेवढं फडकंही लागत नाही. कढई तासन्‌तास उकळत असली की सिलिंडर खालून आपोआप घामेजतो, कधी त्यावर पांढरं हिमही चढतं, आणि ज्योत मंदावते. द्रवातून वायू होऊन बाहेर पडणाऱ्या प्रत्येक रेणूला शेजाऱ्यांचा पाश तोडावा लागतो. त्याला लागणारी उष्णता तो उरलेल्या द्रवातून आणि सिलिंडरच्या पत्र्यातून घेतो, म्हणून पत्रा गार पडतो. व्हॅन डर वाल्सचा ‘ए’ बोटाला लागेल इतका ठळक हवा असेल, तर ऐन गर्दीच्या वेळी त्या पत्र्याला बोट लावून बघावं.

रिक्षातला सीएनजी याच्या अगदी उलट. तो मुख्यतः मिथेन. मिथेनची ओढ इतकी माफक की उणे 82 अंशांच्या वर त्याला कितीही दाबा, द्रव होत नाही. म्हणून त्याला दाबून दाबून सुमारे 200 वातावरण दाबाला वायू म्हणूनच भरावं लागतं, टाकी जाड लागते आणि पंपावर प्रवाशांना खाली उतरून उन्हात उभं राहावं लागतं. तरीही त्या दाबाला टाकीत मिथेन आदर्श हिशेबापेक्षा थोडा जास्तच मावतो, कारण माफक का होईना, ओढ आहेच. रिक्षावाल्याला दर भरणीमागे जे काही किलोमीटर जास्त मिळतात ते रेणूंच्या शेजारधर्मातून येतात. मीटर त्याची नोंद घेत नाही. टाकीत हायड्रोजन भरला असता तर उलटं झालं असतं: खोलीच्या तापमानाला त्याची ओढ नगण्य, अडवलेली जागाच वरचढ, म्हणून तो हिशेबापेक्षा कमी मावतो.

मिथेनसाठी उणे 82 अंशांची जी सीमा, तिला क्रांतिक तापमान म्हणतात. ही सीमा नीट तपासली ती बेलफास्टच्या थॉमस अँड्र्यूजनं. त्यानं जाड काचेच्या नळीत कार्बन डायऑक्साइड दाबला. गार असताना आत द्रव आणि वायू वेगळे दिसत, मध्ये स्वच्छ रेषा. नळी हळूहळू तापवत नेली तर 31 अंशांच्या सुमारास ती रेषा पुसट होई, नळीत थरथरत्या लहरी दिसत आणि मग द्रव कुठला, वायू कुठला, काही सांगता येत नसे. त्यापुढे कितीही दाब दिला तरी द्रव वेगळा होत नसे. 1869 मध्ये त्यानं हे लंडनमध्ये जाहीर व्याख्यानात मांडलं आणि व्हॅन डर वाल्सच्या प्रबंधाचा विषय तिथूनच आला.

आता असा विचार करा की अँड्र्यूज बेलफास्टऐवजी जळगावात असता. मे महिना, सावलीतच पारा 44 वर. त्यानं दाबदाब दाबलं असतं, घामाघूम झाला असता आणि नळीत द्रवाचा थेंब काही दिसला नसता. शेवटी त्यानं वहीत नोंद केली असती की कार्बन डायऑक्साइड हा कायमचा वायू असून तो द्रव होणं अशक्य. हा विनोद वाटेल, पण युरोपात खरोखर असंच झालं होतं. फॅरडेनं क्लोरीनपासून सुरुवात करून वायूमागून वायू द्रव केले. हायड्रोजन, ऑक्सिजन, नायट्रोजन, कार्बन मोनॉक्साइड, नायट्रिक ऑक्साइड आणि मिथेन हे सहा मात्र बधले नाहीत. त्यांना ‘कायमचे वायू’ असं बिरुद मिळालं. ते कायमचे नव्हते. त्यांच्या दृष्टीनं फॅरडेची प्रयोगशाळा जळगाव होती. जळगावच्या एखाद्या बँकेच्या कोपऱ्यात काळ्या भोंग्याचं अग्निशामक टांगलेलं असतं, त्यातला कार्बन डायऑक्साइड मे महिन्याच्या दुपारी धड द्रवही नसतो आणि धड वायूही. बेलफास्टला मुद्दाम तापवून आणावी लागलेली अवस्था आपल्याकडे खिळ्याला लटकलेली असते.

कायमचे वायू मग एकेक करून शरण आले. ऑक्सिजनचं धुकं 1877 मध्ये दिसलं, हायड्रोजन 1898 मध्ये द्रव झाला. राहिला हेलियम, सगळ्यांत अलिप्त. त्याला कुठवर गार करावं लागेल याचा अंदाज व्हॅन डर वाल्सच्या सिद्धान्तावरूनच बांधला गेला. 10 जुलै 1908 रोजी लायडनमध्ये कामरलिंग ओनेसनं तो शून्याखाली 269 अंशांवर द्रव केला. आदर्शपणाच्या सर्वांत जवळ पोचलेला हा वायू, पण पुरेसा गारठा पडल्यावर त्यालाही शेजाऱ्याला बिलगावंसं वाटलं.

एवढं सगळं झाल्यावर आदर्श वायूला पुस्तकातून काढून का टाकत नाहीत, असा प्रश्न वर्गातला एखादा चौकस मुलगा विचारतोच. काढून टाकता येत नाही, कारण कोण किती वाकडा हे सांगायला एक सरळ रेघ लागते. 8.314 हा वायूस्थिरांक मुलं घोकतात. तो अतिशय काटेकोरपणे ठरवताना शास्त्रज्ञांनी आर्गॉन आणि हेलियम धातूच्या पोकळ गोलात भरून त्यांतला ध्वनीचा वेग मोजला, दाब कमी कमी करत पुन्हा पुन्हा मोजला आणि आलेखाची रेघ शून्य दाबापर्यंत लांबवली. शून्य दाबाला वायूच उरत नाही, तेव्हा तिथे कुणी मोजायला जाऊ शकत नाही. आदर्श वायूचा सर्वांत खरा आकडा असा वास्तव वायूंना विचारून, त्यांचा स्वभाव वजा करून काढलेला आहे.

व्हॅन डर वाल्सचं समीकरण परीक्षेत आलं की निम्मा वर्ग चिन्हांत घोटाळा करतो. दाबात वजा करतात, आकारमानात मिळवतात. मी त्यांना सांगतो, पाठ करू नका. ओढीपायी जे कमी भरलं ते मिळवून द्या आणि अडवलेली जागा प्रामाणिकपणे वजा करा. या दोन्ही दुरुस्त्या डाव्या बाजूला आहेत. उजवीकडचं एनआरटी व्हॅन डर वाल्सनं जसंच्या तसं राहू दिलं आणि डावी बाजू खरी बोलू लागली की ते बऱ्यापैकी जुळतंही.